फाटकावरची बोगनवेल

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बडोदे शहरात शाळेचा पत्ता सांगताना रस्त्याचे किंवा संस्थेचे नाव फारसे उपयोगी पडत नाही. रिक्षावाल्याला ‘बोगनवेलवाळी मराठी स्कूल’ एवढे म्हटले की तो मान डोलावतो आणि बरोबर फाटकापाशी आणून सोडतो. ज्या वेलीने शाळेला हे नाव मिळवून दिले, तिच्यावर यंदा प्रश्नचिन्ह लागले आहे. अग्निशमन दलाची गाडी आत येऊ शकेल एवढे रुंद फाटक करणे आता आवश्यक झाले आहे, त्यासाठी उत्तरेकडचा खांब मागे न्यावा लागेल आणि त्या खांबाला बिलगूनच वेलीचे मांडीएवढे जाड खोड उभे आहे. बांधकाम समितीच्या बैठकीत ते तोडण्याचा ठराव आला, त्यावर दोन्ही बाजूंनी मते मांडली गेली आणि निर्णय या मेळाव्यापर्यंत राखून ठेवण्यात आला. त्या निर्णयाच्या आधी या झाडाची थोडी ओळख करून घ्यावी, इतकाच या व्याख्यानाचा हेतू.

समितीत तोडण्याच्या बाजूने तीन मुद्दे आले. वेल काटेरी आहे आणि मुलांना इजा होते. झाड परदेशी आहे. हीरक महोत्सवी वर्षात देशी वृक्ष लावण्याचा संकल्प करायचा आणि परदेशी झुडूप सांभाळायचे हे विसंगत दिसते. आणि बोगनवेल कुठेही मिळते, रोपवाटिकेतून नवी आणता येईल. तिन्ही मुद्दे विचार करण्यासारखे आहेत. त्यांतला पहिला तर पूर्णपणे खरा आहे, आणि त्याकडे नंतर यावे लागेल.

परदेशीपणापासून सुरुवात करणे सोयीचे. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. ब्राझील, पेरू, बोलिव्हिया या भागांतली. १७६६ साली फ्रान्सहून लुई आंत्वान द बूगँव्हील हा नौदल अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्या मोहिमेत फिलिबेर कोमेर्साँ नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १७६७ च्या मध्यावर जहाजे रिओ दि जानेरोच्या बंदरात थांबली असताना तिथल्या रानात हे झगझगीत जांभळे झुडूप आढळले. कोमेर्साँने त्याला मोहिमेच्या प्रमुखाचे नाव दिले, आणि पुढे १७८९ मध्ये अँत्वान लोराँ द ज्युसिउ याच्या ग्रंथात ते नाव छापले गेले. बूगँव्हीलचा वनस्पतींशी संबंध तसा बेताचाच, पण जगभरच्या बागांत आज तोच बोलला जातो.

या कथेत एक तिसरे माणूस आहे, आणि शाळेतल्या मुलींना ते माहीत असावे असे आहे. कोमेर्साँची प्रकृती नाजूक होती. पायाची जखम त्याला सतत त्रास देई. डोंगर चढणे, झाडे कापून आणणे, नमुने दाबून ठेवणे, जड पेट्या उचलणे हे सारे त्याचा साहाय्यक करीत असे. हा साहाय्यक म्हणजे पुरुषाच्या वेषातील झान बारे नावाची स्त्री होती. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर स्त्रियांना बंदी होती, म्हणून बर्गंडीच्या खेड्यातल्या या तरुणीने नाव आणि वेष बदलला. रिओमध्ये कोमेर्साँ पायाने अधू झालेला असताना बोगनवेलीचा पहिला नमुना प्रत्यक्षात तिनेच आणला असावा, असे काही अभ्यासक मानतात. पुढे तिचे गुपित उघड झाले. १७७३ मध्ये कोमेर्साँ मॉरिशसला वारला आणि दोनएक वर्षांनी ती फ्रान्सला परतली. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केलेली पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. १७८५ मध्ये फ्रेंच सरकारने तिला वर्षाला २०० लिव्हर निवृत्तिवेतन मंजूर केले. तिच्या नावाने मात्र एकही वनस्पती उरली नव्हती. कोमेर्साँने एका झाडाला तिचे नाव देण्याचे योजले होते, पण त्या झाडाचे नामकरण आधीच दुसऱ्या नावाने झालेले निघाले. अखेर २०१२ साली इक्वेडोर-पेरूकडच्या, वांग्या-बटाट्याच्या कुळातील एका वनस्पतीला ‘सोलॅनम बारेतिए’ हे नाव मिळाले. सव्वादोनशे वर्षांहून अधिक उशीर झाला, पण हजेरीपटावर नाव चढले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वनस्पती युरोपातील काचघरांतून कोलकात्याला आली आणि तिथून देशभर गेली. तिचे स्वागत प्रत्येक भाषेने आपापल्या रीतीने केले. तमिळ, तेलुगू, मल्याळम या भाषांनी तिच्या कागदासारख्या पाकळ्या पाहिल्या आणि तिला कागदाचे फूल म्हटले. बंगालीने ‘बागानबिलास’ असे नाव दिले. उच्चार थोडा मूळचा, अर्थ सगळा आपला. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांनी मात्र एकच गंमत केली. ‘बूगँव्हील’ या फ्रेंच नावाच्या शेवटच्या अक्षरांत त्यांना सरळ ‘वेल’ ऐकू आली! बोगनवेल. जाई-जुई, मधुमालती यांच्या पंगतीत फ्रेंच दर्यावर्दी मांडी घालून बसला आणि कोणाला शंकाही आली नाही. बडोद्यासारख्या, दोन भाषा शेजारी नांदणाऱ्या गावात या शब्दाचे भाषांतर करावे लागत नाही, ही सोय काही लहान नव्हे.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तिची नाती पाहिली तर ती तितकीशी परकीही वाटत नाही. तिचे कूळ म्हणजे आपल्या अंगणातल्या गुलबक्षीचे कूळ, आणि गुलबक्षीसुद्धा मूळची अमेरिकेचीच. त्याच कुळात वैद्यांची पुनर्नवा येते. पावसाळ्यात शाळेच्या मैदानाच्या कडेला जमिनीसरपट पसरणारी, बारीक गुलाबी फुलांची पुनर्नवा आणि फाटकावरची वेल या एकाच घराण्यातल्या आहेत, हे सातवीच्या वर्गाला दाखवले की मुले दोन्हीकडे नव्या डोळ्यांनी पाहू लागतात.

ज्याला सर्व जण फूल म्हणतात ते बोगनवेलीचे फूल नव्हेच. तो रंगीत भाग म्हणजे पानाचाच बदललेला प्रकार. शास्त्रात त्याला छद म्हणतात. असे तीन छद एकत्र येतात आणि प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटलेले एक बारीक, नळीसारखे, पांढुरके खरे फूल असते. तीन छदांमुळे ब्राझीलमध्ये तिला ‘तीन मारिया’ असेही म्हणतात. छदांचा किरमिजी-जांभळा रंग बीटच्या रंगाच्याच वर्गातला आहे. फूल गळून गेल्यावरही छद बरेच दिवस टिकतात, म्हणून वेल आठवडेच्या आठवडे फुललेली दिसते.

तिच्या काट्याविषयीची माहिती याहूनही विचार करायला लावणारी आहे. पान आणि फांदी यांच्या बेचक्यात एक अंकुर असतो. त्याच जागी काटा येतो आणि त्याच जागी फुलांचा तुराही येतो. पाणी, नत्र आणि सावली यांची चंगळ झाली की लांबलचक कोवळे फुटवे निघतात, त्यांना पाने येतात आणि बेचक्यांत काटे तयार होतात. उलट ऊन भरपूर, पाणी बेताचे आणि दिवस लहान असतील तर तोच अंकुर फुलाकडे वळतो. म्हणून फारच लाडात वाढलेली बोगनवेल हिरवीगार, काटेरी आणि फुलांविना राहते. पालकसभेत हे सांगितले की काही चेहरे किंचित हसतात. त्यावर अधिक भाष्य नको.

या स्वभावामुळेच बडोद्याचे हवामान तिला मानवले. दसरा-दिवाळीच्या सुमारास एक बहर येतो आणि फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत दुसरा, अधिक मोठा. दहावीची परीक्षा मार्चात असते. त्यामुळे शाळेची प्रत्येक तुकडी या वेलीच्या ऐन बहरात परीक्षेला गेली आहे, आणि माजी विद्यार्थ्यांच्या पत्रांतून वेलीचा उल्लेख बहुधा परीक्षेच्या धास्तीसोबत येतो. पावसाळ्यात ती केवळ पाने काढते आणि बदनाम होते.

शाळेच्या संग्रहातील एका कृष्णधवल छायाचित्रात दहावीची पहिली तुकडी फाटकासमोर बसलेली आहे. डाव्या कडेला विटांच्या गोल आळ्यात कमरेएवढी एक काटकी दिसते. तीच ही वेल. शाळेचे पहिले शिपाई हेच माळीही होते. त्यांना सगळे माळीकाका म्हणत. एका बंगल्याच्या छाटणीनंतर रस्त्यावर टाकून दिलेल्या फांद्यांतली एक त्यांनी उचलून आणली आणि फाटकापाशी खोचली, असे जुने शिक्षक सांगत. शाळेचे ते दुसरेच वर्ष होते. म्हणजे वेलीचे वय आज ५८. तिला पाणी घालण्याची मुलांत चढाओढ लागे, तेव्हा माळीकाका झारी काढून घेत आणि म्हणत, ‘एने बहु पाणी नहीं आपवानुं.’ त्यांना दिनमान आणि अंकुर यांचे शास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण वाक्य मात्र शास्त्राला धरून होते.

आता देशी-परदेशीच्या वादाकडे. या वादात परदेशी वनस्पतींविषयी जी भीती व्यक्त होते तिला आधार आहे. घाणेरी, म्हणजे टणटणी, हीसुद्धा अमेरिकेचीच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या बागेत शोभेसाठी आणली गेली. तिची फळे पक्ष्यांनी खाल्ली, बिया रानोमाळ टाकल्या आणि आज देशातल्या कितीतरी जंगलांत तिने खालचे गवत आणि कोवळी रोपे गुदमरवून टाकली आहेत. गुरांना ती विषारी. बोगनवेलीने असे काही केलेले नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. मूळ प्रदेशात तिच्या नळीदार फुलांवर गुंजनपक्षी आणि फुलपाखरे येतात; इथे बागेतल्या बहुतेक वाणांना सहसा बी धरतच नाही. पक्षी तिला पसरवत नाहीत, वारा पसरवत नाही. ती कोणाच्या तरी हाताने एका कुंपणावरून दुसऱ्या कुंपणावर जाते. कोणी काडी मागितली नाही, कोणी दिली नाही, तर ती आहे तिथेच संपते.

तरीही तिची बाजू मांडताना अतिशयोक्ती करू नये. आपल्याकडच्या मधमाश्यांना आणि फुलपाखरांना तिच्याकडून फारसे काही मिळत नाही. तिच्या काटेरी जाळीत बुलबुल मात्र निर्धास्तपणे घरटे करतो, कारण मांजर तिथे चढत नाही. देशी झाडांचा आग्रह म्हणूनच योग्य आहे आणि तो वेल न तोडताही पाळता येतो. कुंपणाच्या उरलेल्या लांबीत अडुळसा, निर्गुडी आणि कोरांटी लावण्याचा जो प्रस्ताव निसर्ग मंडळाच्या मुलांनी दिला आहे, तो मंजूर व्हावा. मधमाश्यांची सोय तिथे होईल.

आणि परदेशी म्हटले तरी गेल्या शतकात या वनस्पतीवर भारतात जे काम झाले ते विसरता येत नाही. डॉ. बी. पी. पाल हे गव्हाच्या तांबेरा रोगाला तोंड देणाऱ्या वाणांसाठी ओळखले जाणारे शास्त्रज्ञ. १९५० पासून ते दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक होते आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. देशाला धान्य कमी पडत असलेल्या त्या काळात हा माणूस फावल्या वेळात गुलाब आणि बोगनवेल यांच्यावर काम करीत होता. बोगनवेलीच्या एका वाणाला त्यांनी आपल्या वडिलांचे नाव दिले. जगात कुठेही बोगनवेलीचा नवा वाण निघाला तर त्याची आंतरराष्ट्रीय नोंद दिल्लीच्या याच संस्थेत होते. कोलकात्याच्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत ‘मिसेस बट’ या वाणाच्या एका फांदीवर अचानक पांढरे आणि किरमिजी असे दोन्ही रंग आले. त्या फांदीची कलमे ‘मेरी पामर’ या नावाने जगभर गेली. चंदीगडमध्ये १९७६ पासून २० एकरांची केवळ बोगनवेलींची बाग आहे. पाहुणा एवढा काळ राहिला, घरात त्याची अपत्ये झाली, दप्तरही त्याच्याच नावाचे इथे ठेवले जाते. त्याला अजून पाहुणा म्हणावे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

काट्याच्या तक्रारीकडे आता यायला हवे. गेल्या पावसाळ्यात चौथीतील एका मुलीची सायकल फाटकापाशी घसरली, आधारासाठी तिने हात टाकला आणि काटा तळव्यात शिरला. काट्याचे टोक आत मोडून राहिले, हात सुजला, डॉक्टरांकडे जाऊन ते काढावे लागले. तिच्या पालकांनी लेखी तक्रार केली. ती तक्रार रास्त होती. दोष मात्र वेलीचा नव्हता. माळीकाकांनंतर आलेल्या माळ्याची जागा रिकामी झाली, ती भरली गेली नाही आणि सलग तीन वर्षे वेलीची छाटणीच झाली नाही. लांब फुटवे सहा-सहा फूट खाली लोंबत होते आणि ते रोज सर्वांना दिसत होते. बहर उत्तम येत होता, म्हणून कोणी बोलले नाही. शाळेची ही चूक त्या पालकांसमोर मान्य करण्यात आली, आणि याच व्यासपीठावरून पुन्हा मान्य करणे योग्य आहे. मुलगी आज सभागृहात आहे, हात बरा आहे. वेल तोडावी का, असे तिला विचारले तेव्हा तिने ‘कापा, पण मारू नका’ असे उत्तर दिले. समितीला याहून नेमका ठराव लिहिता आला नसता.

काटेरी वेल शाळेत ठेवायची तर काही नियम ठेवावेच लागतात. येण्याजाण्याच्या वाटेपासून दोन मीटरच्या आत एकही फांदी लोंबू नये. माणसाच्या डोक्याच्या वर नेऊन मग तिला पसरू द्यावे. खालचे खोड मोकळे ठेवावे. बहर ओसरला की प्रत्येक वेळी छाटणी करावी. तिला फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटणीने नुकसान होत नाही, उलट बहर वाढतो. छाटलेले काटेरी ढीग त्याच दिवशी उचलावेत, कारण वाळलेला काटा ओल्यापेक्षा वाईट. हे काम जाड चामडी हातमोजे घातलेल्या मोठ्या माणसांचे आहे, मुलांचे नव्हे.

मग फाटकाचे काय? खांब हलवावाच लागेल, याबद्दल दुमत नाही. आगीची गाडी बाहेर अडकून राहावी अशी शोभा कोणालाच नको. प्रश्न वेल हलवता येईल का, हा आहे. बोगनवेलीची मुळे थोडी, ठिसूळ आणि छेडछाड न सोसणारी. लहान रोपाची पिशवी काढतानासुद्धा मातीचा गड्डा फुटला तर रोप मरते. मग ५८ वर्षांच्या झाडाची गोष्टच वेगळी. तरीही जुनी झाडे हलवून जगवल्याची उदाहरणे आहेत. त्याची पद्धत अशी. आता फेब्रुवारीत खोडापासून अडीच-तीन फुटांवर अर्धा गोल चर खणून तिकडची मुळे धारदार कुदळीने स्वच्छ तोडायची आणि चर शेणखत व पोयटा मातीने भरायचा. त्या अर्ध्या बाजूला बारीक नवी मुळे फुटतात. एप्रिलमध्ये उरलेला अर्धा गोल. या काळात एरवी निषिद्ध असलेले पाणी नेमाने द्यायचे. जूनच्या अखेरीस पहिले चांगले पाऊस पडले की सगळा विस्तार छाटून खोड तीन फुटांचे ठेवायचे, मुळांचा गड्डा गोणपाटात बांधायचा आणि त्याच दिवशी नव्या खड्ड्यात बसवायचे.

नवी जागा मैदानाच्या उत्तर टोकाच्या भिंतीशी सुचवली आहे. ती भिंत दक्षिणेकडे तोंड करून आहे, दिवसभर ऊन मिळते आणि मुलांची वर्दळ नाही. आपल्या भागातली काळी माती पाणी धरून ठेवते आणि तिच्यात बोगनवेलीची मुळे कुजतात. म्हणून खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे, वर वाळू-मुरूम मिसळलेली माती आणि सगळी बैठक जमिनीपेक्षा फूटभर उंच, अशी तयारी लागेल.

यात अडचण वेळेची आहे. कंत्राटदाराला हे काम मेच्या सुट्टीत उरकायचे आहे. मेच्या उन्हात हलवलेली वेल जगणार नाही. म्हणून समितीला विनंती अशी की बाकीचे काम सुट्टीत व्हावे आणि उत्तरेकडचा खांब तेवढा जूनअखेरपर्यंत थांबावा. शाळा त्या वेळी सुरू झालेली असेल, चार-पाच दिवस मुलांना मागच्या दाराने आणावे लागेल, पालकांना गैरसोय होईल. ती गैरसोय पत्करायची की नाही, हे पालकांनीच सांगायचे आहे. आणि एवढे करूनही वेल जगेल अशी हमी देता येत नाही. जाणकार माळ्यांनी पाहून निम्मी-निम्मी शक्यता सांगितली आहे.

म्हणूनच दुसरी तयारी काहीही ठरले तरी केली जाणार आहे. रोपवाटिकेतून नवी आणता येईल हे खरे. तिथे दुहेरी छदांच्या, ठिपकेदार पानांच्या, नारिंगी, पिवळ्या अशा कितीतरी मिळतात. त्या सुंदरही असतात. पण फाटकावरची वेल हवी असेल तर ती तिच्याच काडीतून मिळेल. येत्या आठवड्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व फांद्यांच्या वीतभर लांबीच्या काड्या घेतल्या जातील. प्रत्येक काडीवर तीन-चार डोळे, खालचा काप तिरका आणि वरचा सरळ, म्हणजे उलटी लागण्याची चूक होत नाही. पाने काढून टाकायची, खालच्या टोकाला मुळे फुटण्याची पावडर लावायची आणि निम्मी वाळू, निम्मे कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत दोन डोळे मातीखाली जातील अशी खोचायची. पिशव्या सावलीत ठेवायच्या, माती दमट राहील इतकेच पाणी. निसर्ग मंडळाने १५० पिशव्या भरून ठेवल्या आहेत. सगळ्या लागतील असे नाही. जुन्या खोडाच्या काड्या नव्यापेक्षा हट्टी असतात. जूनच्या छाटणीतून दुसरी खेप निघेल, आणि पावसाळ्यातल्या काड्या अधिक भरवशाच्या.

या व्याख्यानापूर्वीच काही माजी विद्यार्थ्यांनी काडी मागितली आहे. एक गृहस्थ ती पुण्याला नेणार आहेत, एक भगिनी सुरतेच्या सातव्या मजल्यावरच्या गच्चीत लावणार आहेत. गच्चीवाल्यांनी चिंता करू नये. कुंडीत मुळे दाटली की बोगनवेल उलट अधिक फुलते. फक्त दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन हवे आणि कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय पाणी घालू नये. पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर माती खारवट होऊन लोह मिळत नाही असे समजावे आणि माती बदलावी. कोवळ्या फुटीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन टाकावा. पहिले वर्ष फुलांची घाई करू नये. शेंडे खुडत राहावे, म्हणजे फांद्या वाढतात.

एक सूचना मात्र सर्वांसाठी, विशेषतः बालमित्रांसाठी. काडीला पान फुटले म्हणजे मूळ फुटले असे नाही. काडीत साठवलेल्या अन्नावर ती दोन-चार पाने काढते आणि आत काहीच नसते. मूळ आले का, हे पाहण्यासाठी काडी उपटून पाहण्याचा मोह फार होतो, आणि जी जगणार होती तीही त्याने मरते. दोन-अडीच महिने तिला हात लावू नये. पिशवीच्या तळाच्या भोकांतून पांढरी मुळे आपण होऊन डोकावतील.

रोपांची नोंदवही कार्यालयात ठेवली आहे. ज्यांना रोप हवे त्यांनी नाव, दहावीचे वर्ष आणि गाव लिहावे. रोपे पावसाळ्यानंतर, सप्टेंबरच्या अखेरच्या शनिवारी दिली जातील. येताना जुनी कुंडी किंवा तेलाचा रिकामा डबा आणावा, तळाला भोके पाडलेला. खांबाच्या कामाविषयी पालकांचे मत आजच, चहापानापूर्वी, दाराशी ठेवलेल्या पेटीत टाकावे.